डावा हात वर

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. माझा आवाज मोठा, तोंड फटकळ आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पोरं मला पाठीमागं मिरचीबाई म्हणायची. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. पण आठवीच्या वर्गात एक शब्द आला की माझा सगळा तोरा उतरायचा. टेक. मामुली शब्द, रोजच्या वापरातला. त्याचे निरनिराळे उपयोग शिकवायचा पाठ मी दरवर्षी घाईघाईनं उरकून टाकायचे. पोरांना वाटायचं, बाईंना कंटाळा आला. कंटाळा कसला डोंबलाचा! लाज वाटायची.

ती लाज कुठली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

मी मूळची नांदेडची. नोकरीची पहिली ऑर्डर आली ती निलंग्याच्या पलीकडच्या एका गावची. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. आधी तो भाग उस्मानाबादेत होता, आता सगळंच नवं. नवे साहेब, नव्या पाट्या, नवे शिक्के. कचेऱ्या मात्र भाड्याच्या घरांत, कारण बांधकामं अजून चालूच होती. आणि नेमकं त्याच साली पावसानं दगा दिला. गावातल्या विहिरींचे तळ दिसायला लागले. टँकर आला तर आला. नाहीतर ओढ्याकाठच्या एकाच विहिरीत झरा उरला होता, तिथं पहाटेपासून घागरींची लाइन. माणूस नसला तरी त्याची घागर लाइनीत उभी असायची.

माझं पाणी वर्गातल्या मुली आणायच्या. पाळीपाळीनं आणतात, असं हेडमास्तरांनी सांगितलं होतं. गावात मास्तर आला की त्याचं पाणी पोरांनी भरायचं ही तिथली रीतच. मी शहरातली, मला ते बरंच वाटलं. शाळेतून खोलीवर आले की दाराशी घागर भरलेली असायची. कुणी आणली, हे मी एकदाही विचारलं नाही.

शाळा आठवीपर्यंत. पुढं शिकायचं तर निलंग्याला जायला हवं, आणि मुलीला रोज एसटीनं कोण पाठवतंय? आठवी झाली की मुलगी घरी. एक-दोन वर्षांत लग्न. हे इतकं ठरलेलं होतं की त्याबद्दल कुणी बोलायचंही नाही.

अशात लातूरहून कागद आला. नव्या जिल्ह्याच्या गावी मुलींचं वसतिगृह निघत होतं. राहणं, जेवण, दहावीपर्यंतची शाळा, सगळी सोय. आमच्या शाळेतून एक मुलगी घेणार होते. मोठे साहेब स्वतः तपासणीला येणार, आठवीचा इंग्रजीचा पाठ बघणार आणि त्यातूनच ती मुलगी निवडणार. इंग्रजीचाच का, तर खेड्यातल्या मुली इंग्रजीतच मार खातात.

इंग्रजी म्हणजे मी. माझी ऑर्डर तात्पुरती, साहेबांचा शेरा चांगला पडला तर पुढं कायम. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मी टेकचा पाठ घ्यायचं ठरवलं. एका जुन्या मोठ्या कॅलेंडरच्या पाठीवर लाल-निळ्या शाईनं तक्ता केला. आपल्याकडं कसं, घेणं वेगळं, नेणं वेगळं, लागणं वेगळं, काढणं वेगळं. इंग्रजाला सगळ्याला एकच. टेक द बुक, पुस्तक घे. टेक हर टू द डॉक्टर, तिला डॉक्टरकडं ने. टेक ऑफ युवर कॅप, टोपी काढ. इट टेक्स टू अवर्स, दोन तास लागतात. पोरं पार हैराण झाली. दोन तास लागतात म्हणजे टेक, हे कळलं की त्यांनी जिथं जिथं लागतं तिथं तिथं टेक लावायला सुरुवात केली. एकानं ‘मला तहान लागली’ याचं ‘थर्स्ट टेक्स मी’ केलं. मी त्याला हसले, छडी दाखवली आणि म्हणाले, तुझी तहान ठेव तुझ्यापाशी, तक्त्यातलं पाठ कर.

हेडमास्तर माझ्या वडिलांच्या वयाचे. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं गोड आणि डोकं चलाख. कैक तपासण्या त्यांनी पचवल्या होत्या. माझी घाबरगुंडी बघून त्यांनी मला जवळ बोलावलं.

“बाई, खामखा घाबरू नका. इंतजाम मी सांगतो. ज्याला उत्तर येतंय त्यानं उजवा हात वर करायचा. ज्याला येत न्हाई त्यानं डावा. साहेबाला काय दिसतंय? सगळ्यांचे हात वर. तुम्ही विचारायचं फक्त उजव्याला. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि साहेबांना कळलं तर?”

“अख्ख्या तालुक्यात हेच चालतंय. साहेब पण मास्तरचाच साहेब झालेला असतोय. तुम्ही तालीम घ्या.”

मी तालीम घेतली. नुसती तालीम नाही, मी पुढचं पाऊल टाकलं. ऐनवेळी कुणी आगाऊपणा करू नये म्हणून उजवे कोण आणि डावे कोण हे मीच ठरवून टाकलं. वहीत नावं लिहिली. आठ उजवे, बाकी सगळे डावे.

तिसऱ्या बाकावरची ती मुलगी डाव्यांत होती. तिला डाव्यांत टाकताना मी क्षणभरही विचार केला नाही. त्या महिन्यात ती निम्मे दिवस शाळेत नव्हती, टेकच्या पाठाला तर नव्हतीच. आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला, धाकटी भावंडं दोन, त्यामुळं घरचं पाणी हिच्यावर. बाप गवंडी. दुष्काळात गावात कोण घर बांधतंय? तो लातूरला गेला होता, नव्या कचेऱ्यांच्या कामावर. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचा, सोमवारी पहाटे परत. आमच्या वर्गातला भिंतीवरचा काळा फळा त्यानंच केलेला. मी दिसले की थांबून रामराम घालायचा आणि म्हणायचा, “बाई, मारा, पण पोरगी शिकवा.”

तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“बाई, मला टेक येतंय.”

“कुठून येतंय? तू होतीस का वर्गात?”

“लाइनीत केलं, बाई. वही मागून घेतली होती.”

“पाण्याच्या लाइनीत इंग्रजी केलंस?”

“हाव.”

मी हसले. चांगलं हसणं नव्हतं ते. तक्ता गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “हे बघ, उद्या डावा हात वर करायचा. सांगितलंय तेवढं करायचं. शहाणपणा नको. कळलं?”

“एकदा विचारून तर बघा की, बाई.”

“कळलं का, विचारलं मी.”

“कळलं, बाई.” ती गेली.

एक प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता? पण तक्ता चुरगळू नये याची मला जास्त काळजी होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. उंच, शांत, फार न बोलणारे. मागं खुर्ची टाकून बसले. पाठ सुरेख चालला, एवढा की मलाच माझं कौतुक वाटायला लागलं. मी प्रश्न टाकायचा, सगळे हात वर, मी एखादा उजवा निवडायचा, उत्तर खणखणीत. हेडमास्तर दारात उभे राहून मान डोलावत होते.

मग साहेब उठले. म्हणाले, “आता तक्त्याकडे बघायचं नाही. इट टेक्स वापरून मला स्वतःचं वाक्य कोण सांगेल? स्वतःच्या घरचं.”

माझ्या आठही उजव्यांचे चेहरे पडले. तक्त्याबाहेरचं त्यांना काही येत नव्हतं. तरी सवयीनं हात वर झाले, उजवे थोडे डळमळत, डावे नेहमीप्रमाणे. आणि तिसऱ्या बाकावरून एक उजवा हात ताठ वर आला. तिचा.

मी तिच्याकडं बघितलं. माझे डोळे कसे झाले असतील ते मला माहीत आहे, मिरचीबाई काय उगाच म्हणत नव्हती पोरं. मला एवढंच दिसलं, की ही काहीतरी वेडंवाकडं बोलणार आणि माझा शेरा मातीत जाणार. तिनं माझ्याकडं बघितलं, हात खाली घेतला आणि डावा वर केला.

साहेबांनी ते पाहिलं.

“तू गं, तिसऱ्या बाकावरची. उभी राहा. हात का बदललास?”

पोरांना सगळं ठाऊक. हेडमास्तरांनी खोकल्यासारखं केलं. तिनं परत माझ्याकडं बघितलं, आणि मी, एवढी तोंडाळ बाई, मूग गिळून उभी. हातातला खडू मोडला तेवढाच आवाज.

“येत न्हाई, साहेब,” ती म्हणाली.

“मग उजवा हात वर का केला होतास?”

“चुकून.”

“येत नसेल तर हात वर करायचाच कशाला?” साहेब रागावले नव्हते. समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, “बाळ, येत नसताना येतंय असं दाखवणं हा खोटेपणा असतो. आपण तो करू नये.”

“हाव, साहेब,” ती म्हणाली आणि खाली बसली.

मी केलेल्या तक्त्याखाली, तिच्या बापानं केलेल्या फळ्यापाशी उभी राहून मी हे ऐकलं आणि मान हलवली. हो, मान हलवली. साहेबांचं बरोबर आहे अशी.

साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मुलीचं नाव लिहून घेतलं. यादी पंधरा दिवसांनी लातूरहून लागणार होती. जाताना मला म्हणाले, “पाठ चांगला झाला बाई.” हेडमास्तरांनी त्या खुशीत सगळ्या वर्गाला गुळाचा खडा वाटला. तिनंही घेतला.

त्या दिवशी दाराशी भरलेली घागर नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही नाही. माझा पारा चढला. कुणाची पाळी चुकली ते बघू म्हणून मी तरातरा ओढ्याकडं निघाले. विहिरीवर बायकांची ही गर्दी. ती लाइनीच्या मधोमध दोन घागरी घेऊन उभी होती, त्यातली एक माझी. पितळेची, काठाला पोचा असलेली. नांदेडहून मीच आणलेली.

“आज तुझी पाळी होती का?”

तिनं दोन्ही घागरी लाइनीत पुढं सरकवल्या. तिच्या मागची म्हातारी म्हणाली, “कसली पाळी, बाई? तुमचं पाणी रोज हीच आणती. बाकीच्या पोरींच्या आया पाठवत न्हाईत, त्यांच्याच घरी पाणी पुरत न्हाई. काल झरा आटला हुता, रात झाली तरी नंबर लागला न्हाई पोरीचा.”

ती त्या महिन्यात निम्मे दिवस वर्गात नव्हती ती माझ्यासुद्धा घागरीमुळं. आणि गैरहजर म्हणून तिला डाव्यांत टाकलं ते मीच.

मी तिला बाजूला घेतलं. आवाज नेहमीसारखा चढेना. “काल साहेबांना कुठलं वाक्य सांगणार होतीस?”

“राहू द्या की, बाई.”

“सांग.”

तिनं घागरींकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, “इट टेक्स फोर अवर्स टू फिल टू पॉट्स. वन पॉट फॉर अस, वन पॉट फॉर बाई.”

दोन घागरी भरायला चार तास लागतात. एक आमची, एक बाईंची.

आणि तिला नुसतं तेवढंच येत होतं असं नाही. नेणं, काढणं, लागणं, सगळं बरोबर जागच्या जागी. लाइनीत एक बाई मधेच घुसली तर हिनं तिला “टेक युवर टर्न” म्हणून सुनावलं होतं, हे त्या म्हातारीनंच हसत हसत सांगितलं. आता सगळ्या बाया भांडताना तेच म्हणायला लागल्या होत्या. तहान लागणं टेक होत नाही, हेही तिला माझ्याशिवाय कळलं होतं. मी आठ जणांना घोकून घेत होते तेव्हा ही पोरगी तो शब्द वापरायला शिकली होती.

मला तिथंच रडू आलं. बायका बघायला लागल्या. मी तिचा हात धरून म्हणाले, “मी शनिवारी लातूरला जाते. साहेबांना सगळं खरं सांगते. यादी अजून लागायची आहे. तूच जाशील.”

“खरंच, बाई?”

“खरंच.”

तिचा चेहरा त्या वेळी कसा झाला होता, ते मी इथं लिहीत नाही. लिहिता येत नाही.

हेडमास्तरांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. “हात दाखवून अवलक्षण करायलाव का, बाई? पोरगी हुशार हाय हे सांगायला जाताल, मग तिनं हात का बदलला हे निघंल. मग उजवा-डावा निघंल. तुमच्या ऑर्डरीची शाई वाळली न्हाई अजून. माझं काय, मी दोन वर्षांत रिटायर होतोय.” मी त्यांना फणकाऱ्यानं म्हणाले, तुमचं तुमच्यापाशी ठेवा, मी खऱ्याला घाबरत नाही. काय तो आव माझा!

शनिवारी सकाळची शाळा करून मी लातूरला गेले. निलंग्याला गाडी बदलली. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होते. साहेब, चूक माझी आहे. साहेब, त्या मुलीला येत होतं. साहेबांचं ऑफिस एका भाड्याच्या घरात होतं. रस्त्याच्या पलीकडं नव्या इमारतीचं काम चाललेलं, परांचीवर माणसं, खाली सिमेंट कालवणाऱ्या बायका. मी ऑफिससमोर उभी राहिले. आत जायचं की नाही हा प्रश्नच उरला नाही, कारण साहेब स्वतःच बाहेर आले. जीपची वाट बघत पायरीवर थांबले. मला बघून ओळखलं.

“अरे, तुम्ही टेकच्या पाठवाल्या बाई ना? निलंग्याकडच्या? इकडे कुठं? काही काम काढलंत?”

साहेबांनी स्वतः विचारलं. याहून सोपं कुणाचं काय असतं? फक्त तोंड उघडायचं होतं.

“काही नाही साहेब,” मी म्हणाले. “बाजाराला आले होते. कापड घ्यायचं होतं.”

साहेब हसले. म्हणाले, “घ्या घ्या. टेक युवर टाइम.” मीही हसले, मोठ्यानं हसले, साहेबांनी केलेल्या विनोदाला हसावं तसं. जीप आली, ते गेले. मी तशीच स्टँडवर गेले आणि नांदेडची गाडी पकडली. रविवार आईकडं काढला. आईनं विचारलं, तोंड का उतरलंय. मी म्हणाले, तिकडं पाणी नाही गं.

सोमवारी शाळेत आले तर ती फाटकापाशीच उभी. केस चापून-चोपून विंचरलेले, कपाळाला कुंकू. धावत आली.

“बाई, भेटले का साहेब?”

“नव्हतेच गं,” मी म्हणाले. “दौऱ्यावर गेले होते. बराच वेळ थांबले मी. कुणीच नव्हतं.”

ती माझ्याकडं बघत राहिली. जरा जास्तच वेळ. मला वाटलं, निराशा झाली पोरीची. मग म्हणाली, “बरं, बाई.” आणि वर्गात गेली.

पुढच्या शनिवारी परत जाईन, असं मी म्हणाले नाही. तिनंही विचारलं नाही. यादी लागली, पहिल्या बाकावरची मुलगी लातूरला गेली. माझा शेरा चांगला पडला आणि मी कायम झाले. ती आठवी पास झाली, वर्गात पहिली आली आणि घरी बसली. माझं पाणी ती शेवटपर्यंत भरत राहिली. नको म्हणाले तर म्हणायची, “असू द्या बाई, मला तसंबी जावंच लागतंय.” वर्षभरात मी बदली मागून घेतली. पहिल्यांदा भोकरला, मग नांदेडला.

आणि मग कितीतरी वर्षांनी, जूनमधल्या एका दिवशी, नांदेडच्या शाळेत प्रवेशांची गर्दी चालू असताना एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सोबत तेरा-चौदा वर्षांची मुलगी.

“ओळखलं का, बाई?”

मी चष्मा वर केला. “नाही गं.”

तिनं हसून डावा हात वर केला. जरासाच, खांद्यापर्यंत.

आता ओळखलं मी, आणि नजर समोरच्या फॉर्मांत घातली. ती मात्र आनंदात होती. तिला लोह्याला दिली होती. नवरा मोटारी दुरुस्त करतो, आता नांदेडला खोली घेतलीय ती मुलीच्या शिक्षणासाठीच. “हिला तुमच्याच शाळेत टाकायचं, हे लई दिवसांपासून ठरवलं होतं,” ती म्हणाली. मुलीला तिनं खिडकीवर फॉर्म आणायला पाठवलं. आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो.

मला राहवलं नाही. एवढ्या वर्षांचं साचलेलं एकदम तोंडाशी आलं. “अगं, मला तुला एक सांगायचंय. त्या शनिवारी मी लातूरला गेले होते ना...”

“साहेब होते,” ती म्हणाली.

मी चष्मा काढून हातात घेतला.

“मला ठाऊक हाय, बाई. आमचे अण्णा समोरच्याच बिल्डिंगीवर होते. परांचीवरून बघितलं त्यांनी. शनिवारी घरी आले ते नाचतच. म्हणाले, बाई साहेबांशी बोलल्या, साहेब हसले, बाई हसल्या, पोरीचं काम झालं समजा. आईनं गुळाचा शिरा केला हो. मला सोमवारी सकाळी कुंकू लावून पाठवलं.”

तिचा आवाज साधा होता. राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“आणि मी म्हणाले, साहेब नव्हते,” मी कसंबसं बोलले.

“हाव.”

“मग घरी काय सांगितलंस तू?”

“काय सांगणार? सांगितलं, बाईंनी लई सांगून बघितलं, साहेबांनी ऐकलं न्हाई.” तिनं पदर सारखा केला. “अण्णा लई मानत होते ना तुम्हाला. जाईस्तोवर म्हणायचे, त्या बाईनं आपल्या पोरीसाठी लातूर गाठलं हुतं.”

मला माफी मागायची होती. वीस-बावीस वर्षं बोलण्याची नोकरी केलेली मी, मला एकाही भाषेत शब्द सापडेना. तेवढ्यात तिची मुलगी फॉर्म घेऊन पळत आली. माझ्याकडं बघत आईला म्हणाली, “आई, ह्याच का त्या बाई?”

“हाव, ह्याच,” ती म्हणाली. “माझ्यासाठी साहेबाकडं गेल्या होत्या. पाया पड.”

पोरगी वाकली. मी आशीर्वादाला हात पुढं केला आणि, कशाला खोटं सांगू, पाय मागं घेतले नाहीत.